खोकण्याआधी एक ‘हाऽऽ’

श्रावणात मालवणला गेलं की आतेच्या घरी दोन वास हमखास येतात, ओल धरलेल्या भिंतींचा आणि पाणचुलीच्या धुराचा. यंदा भरीला तिचा खोकला होता. “छातयेत नुसता घुरघुरता, कफ काय सुटणा नाय,” म्हणत ती पोटात कळ येईस्तोवर खोकायची आणि घामाघूम होऊन ओटीवर टेकायची. एवढं करून बेडका काही पडायचा नाही.

जोर कमी पडत नव्हता, उलट जोरच आड येत होता. कचकून खोकलं की छातीतला दाब इतका वाढतो की आतल्या बारीक श्वासनळ्या चिमटतात. आधीच सुजलेल्या असतील तर जास्तच. चिमटलेल्या नळीतून हवा जाईना, तर कफ कुठून जाणार? म्हणून फिजिओथेरपिस्ट ‘हफिंग’ शिकवतात. चष्मा पुसण्याआधी काचेवर वाफ सोडतो ना, तसंच. मध्यम श्वास घ्यायचा, दोन-तीन सेकंद धरायचा, मग तोंड मोठं उघडून, घसा मोकळा ठेवून ‘हाऽऽ’ करत हवा बाहेर लोटायची. असं दोनदा केलं की थोडा वेळ शांत श्वास, नाहीतर गरगरतं. कफ घशाशी आला की एक खोकला पुरतो.

एरवी हे काम आपल्या नकळत चालू असतं. श्वासनळीच्या अस्तरावरचे सूक्ष्म केस सेकंदाला १० ते २० वेळा वल्ह्यांसारखे हलतात आणि धूळ-जंतू चिकटलेला श्लेष्मा वर ढकलतात. तो आपण गिळून टाकतो. निरोगी श्लेष्म्यात ९५ टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. ते घटलं की चिखलात वल्ही रुततात. विडीच्या आणि चुलीच्या धुराने तर वल्हीच लुळी पडतात.

पाण्याचा हा धागा समुद्रापर्यंत जातो. सिस्टिक फायब्रोसिस या आजारात कफ फार चिकट होतो. ऑस्ट्रेलियात लाटांवर सर्फिंग करणाऱ्या अशा रुग्णांना बरं वाटतं, असं डॉक्टरांच्या लक्षात आलं. पुढे २००६ साली तिथल्या चाचणीत ७ टक्के मिठाच्या पाण्याचा फवारा रोज दोनदा हुंगणाऱ्यांचा आजार कमी वेळा उसळला. मीठ नळीच्या भिंतीतून पाणी ओढून आणतं, म्हणून कफ सैल होतो. दम्यात मात्र याच फवाऱ्याने नळ्या आवळतात, तेव्हा घरी प्रयोग नको. आणि समुद्रात मीठ साडेतीन टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे मालवणच्या चिवला किनाऱ्यावर फिरून कफ सुटेल ही आशाही नको.

कुंपणाचा अडुळसा मात्र अगदीच भोळसट समजूत नाही. त्यातल्या व्हॅसिसीन या द्रव्याच्या धर्तीवर ब्रोमहेक्सिन हे कफ सैल करणारं औषध बनलं आणि त्यातून पुढे अँब्रॉक्सॉल. खोकल्याच्या बाटलीवर ही नावं दिसतील. वाफाऱ्याने चोंदलेल्या नाकाला बरं वाटतं, छातीत खोलवर त्याचा फारसा उपयोग नाही. शिवाय उकळत्या पातेल्याने मुलं भाजतात ती वेगळीच.

आतेचा खोकला तीन आठवडे टिकला होता. दोन आठवड्यांपुढे खोकला गेला की क्षय नाही ना, हे पाहायला थुंकी तपासायची असते. रक्त पडलं किंवा धाप लागली तर तेवढंही थांबायचं नाही. सरकारी दवाखान्यातून डबी आणली. तीत लाळ चालत नाही, छातीतला बेडकाच लागतो. सकाळी ओटीवर बसून तिने चार-पाचदा ‘हाऽऽ’ केलं आणि डबीत पुरेसा पडला.

क्षय निघाला नाही. पाणचूल पेटवायचं काम आता आतोबांकडे आहे.