स्वीडनची जंगलं: प्रमाणपत्र आणि 'कळीचे अधिवास' यांची पार्श्वभूमी

उत्तर स्वीडनमध्ये 1950 पासून सरसकट तोड हीच रीत झाली. 1993 च्या वन कायद्याने पर्यावरणाला उत्पादनाच्या बरोबरीचं स्थान दिलं आणि 1998 मध्ये देशाचं प्रमाणन मानक, म्हणजे 'हे लाकूड जबाबदारीने सांभाळलेल्या जंगलातलं आहे' असं प्रमाणपत्र मिळवण्यासाठी पाळायचे नियम, मंजूर झालं. किमान 5 टक्के उत्पादक जंगल तोडीबाहेर ठेवायचं, तोडीच्या जागी हेक्टरी सरासरी 10 झाडं राखायची आणि 3 उंच खुंट सोडायचे, असं ठरलं.

तोडयंत्राचा हात पोचेल तिथे, तीन-चार मीटरवर, झाड कापलं की उंच खुंट तयार होतो. 30 सेंटिमीटर व्यासाच्या चार मीटर खुंटात जेमतेम 0.28 घनमीटर लाकूड असतं. तिन्ही मिळून एक घनमीटरही भरत नाही, आणि दुर्मिळ बुरशींना हेक्टरी वीस-तीस घनमीटर मृत लाकूड लागतं. उन्हातल्या खुंटांवर काही भुंगेरे चांगले वाढतात. सावलीत ओल धरून कुजणाऱ्या स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या जाड ओंडक्यांवरच्या बुरशींना मात्र त्यांचा उपयोग नाही. सुटं राखलेलं स्प्रूस मुळं उथळ असल्याने वादळात आडवं होतं, म्हणून राखायची झाडं घोळक्याने राखावीत.

खरा वाद पेटला तो 'कळीच्या अधिवासां'वरून. जिथे दुर्मिळ प्रजाती आहेत किंवा असण्याची शक्यता आहे, असे जंगलाचे तुकडे 1990 च्या दशकापासून सरकारी वनयंत्रणा नोंदवत आली. ही नोंद निव्वळ माहितीसाठी होती, कायद्याने तिथली तोड बंद नव्हती. पण मानकानुसार अशा तुकड्यातलं लाकूड प्रमाणित कंपन्यांना घेता येईना, मग मालकाकडे प्रमाणपत्र असो वा नसो. मोठे खरेदीदार बहुतेक प्रमाणितच. अर्धा हेक्टर किंवा मोठ्या तोडीची सूचना वनयंत्रणेला सहा आठवडे आधी द्यावी लागते. ती दिली, पाहणी झाली, नोंद झाली की लाकडाला गिऱ्हाईक उरत नसे, आणि नुसत्या नोंदीपोटी भरपाईही नाही. मालकांचा संताप समजण्यासारखा होता. तोडगा भरपाईचा हवा होता. निघाला तो नोंदच थांबवण्याचा. वायव्य भागात जुनं जंगल सलग आहे, छोट्या तुकड्यांसाठी बेतलेली पद्धत तिथे बसत नाही, म्हणून 2017 मध्ये तिथली नोंदणी स्थगित झाली. ती पुन्हा सुरू झाली, पण 2021 मध्ये तोडीच्या सूचनेबरोबर नोंद करणंच यंत्रणेने सोडलं.

त्याआधी 2010 मध्ये एक मोठी पर्यावरण संघटना, नियम मोडणाऱ्यांवर कारवाई होत नाही म्हणून, प्रमाणन व्यवस्थेतून बाहेर पडली होती. 2020 च्या मानकाने आणखी 5 टक्के क्षेत्र निसर्ग किंवा लोकहिताला प्राधान्य देऊन सांभाळायला लावलं. अधिवास ओळखायचं काम मात्र आता बरंचसं लाकूड तोडणाऱ्या कंपन्यांच्याच नियोजकांकडे आहे.