युद्धात तरलेली जहाज कंपनी करारांनी बुडवली

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा आयर्लंडकडे अटलांटिक ओलांडू शकतील अशी स्वतःची जहाजे जवळजवळ नव्हतीच. गहू आणि खते परदेशी, मुख्यतः ब्रिटिश जहाजांतून येत. नोव्हेंबर 1939 च्या अमेरिकेच्या तटस्थता कायद्याने अमेरिकी जहाजांना आयर्लंडभोवतीच्या समुद्रात येण्यास मनाई झाली, पुढे ब्रिटिश जहाजांत जागा मिळणेही दुरापास्त झाले, आणि मार्च 1941 मध्ये सरकारने ‘आयरिश शिपिंग लिमिटेड’ स्थापन केली.

युद्धकाळात नवे जहाज कोण विकणार? जी मिळाली ती जुनी होती. पहिले, ‘आयरिश पॉप्लर’, म्हणजे बिस्केच्या उपसागरात खलाशांनी सोडून दिलेले एक ग्रीक जहाज. ‘आयरिश ओक’ व ‘आयरिश पाइन’ ही दोन अमेरिकेकडून भाड्याने घेतलेली. जहाजांच्या बाजूंवर देशाचे नाव मोठ्या अक्षरांत रंगवलेले असे आणि रात्री ती दिवे लावून जात, जेणेकरून युद्धात न उतरलेल्या आयर्लंडची तटस्थता दुरूनच ओळखू यावी. तरीही नोव्हेंबर 1942 मध्ये ‘पाइन’ पाणबुडीच्या हल्ल्यात 33 जणांसह बुडाले. मे 1943 मध्ये खत घेऊन डब्लिनकडे निघालेल्या ‘ओक’वरही टॉर्पेडो आदळला; त्याचे सगळे खलाशी मात्र कंपनीच्याच ‘आयरिश प्लेन’ या जहाजाने वाचवले. देशाला भाकरी पुरवण्यासाठी या माणसांनी जे सोसले, त्याची आठवण मला फार मोलाची वाटते.

शांततेच्या काळातले संकट वेगळे होते आणि त्याचे मूळ भूमितीत आहे. जहाजाची लांबी, रुंदी आणि खोली दुप्पट केली, तर माल मावण्याची जागा आठपट होते, पण पाण्याशी घासणारा पृष्ठभाग चौपटच वाढतो. त्यामुळे मोठ्या जहाजाला दर टनामागे इंधन कमी लागते, आणि खलाशीही त्या प्रमाणात वाढवावे लागत नाहीत. साहजिकच लहान जहाजांना स्पर्धेत टिकणे कठीण होते. पण मोठे जहाज बांधायला दोन-तीन वर्षे लागतात आणि ते पुढे वीस-पंचवीस वर्षे चालते. मालवाहतुकीचे भाडे चढले की सगळे मालक एकदमच जहाजे मागवतात, ती पाण्यात उतरतात तोवर मागणी ओसरलेली असते, आणि मग भाडे कोसळले तरी जहाजे कमी होत नाहीत. शेकडो जहाजांचा मालक अशा मंदीत काही विकून, काही उभी करून तग धरतो. मूठभर जहाजांच्या कंपनीला एक चुकीचा अंदाजही पेलत नाही.

आयरिश शिपिंगने तर हाँगकाँगच्या मालकांकडून नऊ जहाजे दीर्घ मुदतीच्या भाड्याने घेतली होती. मंदी आली, मालवाहतुकीचे उत्पन्न घटले, पण करारात ठरलेले भाडे तसेच देणे भाग होते. अखेर 14 नोव्हेंबर 1984 रोजी सरकारने कंपनी गुंडाळण्याचा निर्णय घेतला. त्या वेळी कंपनीचे स्वतःचे नवे जहाज ‘आयरिश स्प्रूस’ फ्रान्सच्या मार्सेय बंदरात अडकून पडले, आणि त्यावरचे खलाशी पुढे कित्येक महिने तिथेच राहिले.