डीएक्सिंग

हौशी रेडिओ केंद्रावरून दूरदूरच्या, शक्य तर दुर्मीळ देशांतल्या केंद्रांशी संपर्क साधण्याचा छंद. ‘डीएक्स’ हा तारायंत्र चालवणाऱ्यांच्या काळापासून रुळलेला, अंतर सुचवणारा संक्षेप आहे. हौशी रेडिओवाल्यांना जगभर ‘हॅम’ म्हणतात.

असा संपर्क साधायला खटाटोप फार, पण बोलणे होते ते जेमतेम दहा सेकंदांचे. दुर्मीळ बेटावरचे केंद्र हवेत आले, म्हणजे प्रक्षेपण करू लागले, की शेकडो हॅम एकदम आपापले कॉल साइन, म्हणजे केंद्राची ओळख सांगणारी अक्षरे-आकडे, पुकारू लागतात. हा कल्लोळ म्हणजे ‘पाइलअप’. बेटावरचा माणूस त्यातून एक कॉल साइन वेचतो, ‘फाइव्ह नाइन’ म्हणतो, इकडूनही ‘फाइव्ह नाइन, थँक यू’ जाते, की संपले. फाइव्ह नाइन म्हणजे आवाज स्वच्छ आणि जोरकस. प्रत्यक्षात तो खरखरीत बुडालेला असला तरी अशा गर्दीत आकडा बहुधा हाच दिला जातो. मुरलेला हॅम आधी बराच वेळ नुसता ऐकतो. समोरचा कोणत्या वारंवारतेवर उत्तरे टिपतो आहे हे कळले की निम्मे काम झाले.

किती देश गाठले याच्या मोजदादीसाठी अमेरिकन रेडिओ रिले लीग या हौशी रेडिओवाल्यांच्या संघटनेच्या डीएक्ससीसी या सन्मानाची यादी प्रमाण मानतात. हा सन्मान १९३७ पासून दिला जातो आणि त्यासाठी किमान १०० ‘देशांशी’ संपर्क व्हावा लागतो. यादीतला देश मात्र राजकीय नकाशातला नव्हे: हवाई आणि अलास्का अमेरिकेहून वेगळे, अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप भारताहून वेगळे. म्हणजे पुण्याच्या हॅमला पोर्ट ब्लेअर लागले तरी तो परदेशच.

लघुलहरी वातावरणाच्या वरच्या, आयनीभूत थरांतून वाकून जमिनीकडे परततात, पुन्हा वर जातात. अशा उड्या घेत शंभर वॉटचा संदेशही पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला पोहोचतो. या थरांची मर्जी सूर्यावर अवलंबून असते. सौरडागांचे सुमारे ११ वर्षांचे चक्र भरात असले की १० मीटर तरंगलांबीचा बँड (लहरींचा पट्टा) दिवसा जिवंत होतो, ओसरले की मुका पडतो. पहाटे आणि तिन्हीसांजेला, उजेड-अंधाराच्या सीमेवर, खालच्या, म्हणजे कमी वारंवारतेच्या, बँडांवर अनपेक्षित ठिकाणे लागतात.

लघुलहरी इतक्या दूर जातात हे हौशी मंडळींनीच दाखवून दिले. २०० मीटरहून कमी तरंगलांबीच्या लहरी लांबच्या कामाच्या नाहीत असे समजून त्या हौशी मंडळींकडे सोडल्या होत्या. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधल्या नीसचे लेआँ देलॉय आणि अमेरिकेतले फ्रेड श्नेल अटलांटिकच्या आरपार बोलले. १८ ऑक्टोबर १९२४ रोजी न्यूझीलंडचे फ्रँक बेल यांना लंडनच्या मिल हिल शाळेतल्या सेसिल गॉयडर या विद्यार्थ्याने उत्तर दिले. हाच गॉयडर पुढे ऑल इंडिया रेडिओचा मुख्य अभियंता झाला.

दुर्मीळ जागी मुद्दाम जाऊन केंद्र उभारण्याला ‘डीएक्सपेडिशन’ म्हणतात. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओचा भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालील संघ याच कामासाठी पोर्ट ब्लेअरला होता. २६ तारखेला त्सुनामी आली. मोहीम थांबली आणि तीच यंत्रे बेटावरचे निरोप मुख्य भूमीकडे पोहोचवू लागली. एप्रिल २००६ मध्ये हॅम पुन्हा पोर्ट ब्लेअरला जमले. जानेवारी २००७ मध्ये लक्षद्वीपही हवेत आले. तिथले कॉल साइन होते व्हीयू७आरजी, स्वतः हॅम असलेल्या राजीव गांधींच्या व्हीयू२आरजीची आठवण म्हणून.