हा फोटो आहे की थ्रीडी?

जळगाव-धुळ्याकडे कोणत्याही इंटिरियर डिझायनरच्या ऑफिसात गेलात की मोबाइलवर एकापाठोपाठ एक चकाचक हॉल, किचन, बेडरूम दाखवले जातात. त्यातली काही घरं अजून बांधलेलीच नसतात. ती थ्रीडी, म्हणजे कॉम्प्युटरवर तयार केलेलं चित्र. बाकीचे फोटो. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये असतात, त्यामुळे गिऱ्हाइकाचा घोळ होतो. घर पूर्ण झालं की तो घोळ आमच्यासारख्या इंटिरियरचे फोटो काढणाऱ्यांच्या गळ्यात येतो: "थ्रीडीमा शे तसाच फोटू काढ, भाऊ."

थ्रीडी करताना खोली आधी स्केचअपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये मापानं उभी करतात. मग तिला लाकूड, मार्बल, कापड चढवतात, दिवे लावतात, सूर्य हवा तिथे ठेवतात. पुढे व्ही-रेसारखं रेंडर इंजिन उजेड कुठून आला आणि कुठे आपटून कुठे गेला याचा ठिपक्या-ठिपक्याला हिशेब करतं. हे गणित लबाडीचं नसतं. लाल सोफ्याची तांबूस झाक शेजारच्या भिंतीवर पडते, तीसुद्धा त्यात येते. पण त्या खोलीत कुणीतरी ठेवलं तेवढंच असतं. फोटोत कुणी न ठेवलेलंही येतं. स्विचबोर्ड, एसीचा पाइप, इन्व्हर्टरची वायर, पतसंस्थेचं कॅलेंडर, नव्या सोफ्यावरचं प्लास्टिक. (हे प्लास्टिक काढा म्हटलं की आमच्याकडे घरमालकाचा चेहरा उतरतो.)

ओळखायचं कसं? लाकडाकडे बघा. वॉर्डरोबच्या चारही शटरवर रेषांची नक्षी हुबेहूब तीच असेल, तर शंका घ्या. लॅमिनेटमध्येही नक्षी पुन्हा येते, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नका, खिडकीबाहेर बघा. जळगावच्या फ्लॅटबाहेर देवदारासारखी झाडं दिसली तर विषय संपला.

सगळ्यात पक्की खूण मात्र कॅमेऱ्याची जागा. दहा बाय बाराच्या बेडरूममध्ये माझी पाठ बाथरूमच्या दाराला टेकलेली असते, त्यामागे सरकायला जागाच नसते. थ्रीडीवाला मागची भिंतच काढून टाकतो आणि आरामात चार फूट मागे जातो. म्हणून त्याच्या चित्रात पलंग, वॉर्डरोब, खिडकी सगळं येऊनही काही ताणलेलं दिसत नाही. मी तेवढंच सगळं बसवायला १४ एमएमची, म्हणजे खूप रुंद बघणारी लेन्स लावली, तर कडेची खुर्ची लांबुळकी होते. जाहिरातीसाठी फ्लॅटचे फोटो काढणारे ते चालवून घेतात. आर्किटेक्टच्या कामाला मी २४ एमएमच्या खाली सहसा जात नाही. कॅमेरा छातीएवढ्या उंचीवर आणि अगदी पाणसळीत. तो वर-खाली झुकला की भिंती तिरक्या पडतात. त्यासाठी टिल्ट-शिफ्ट लेन्स असते. तिच्यात कॅमेरा न झुकवता लेन्सच वर सरकवता येते.

दुसरी पक्की खूण उन्हाची. जळगाव साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर. मे महिन्याच्या अखेरीस भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, तेव्हा ऊन घरात शिरतच नाही, तापतो फक्त स्लॅब. डिसेंबरात मात्र तो दुपारीही जेमतेम ४५ अंशांवर असतो. दक्षिणेच्या खिडकीची वरची कड जमिनीपासून सात फुटांवर असेल, तर ऊन आत सुमारे सात फुटांपर्यंत पोचतं. थ्रीडीत उत्तरेच्या खिडकीतून भरदुपारी लांबलचक कवडसे पडलेले मी पाहिले आहेत. सॉफ्टवेअरमध्ये गावाचा अक्षांश आणि तारीख घालायची सोय असते, घालतं कोण!

त्यात बाहेर एक लाख लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) घरातलं ऊन, आत हॉलमध्ये दोन-तीनशे लक्स. खिडकीबाहेरचं सांभाळावं तर खोली काळवंडते, खोली सांभाळावी तर खिडकी पांढरीफटक. मग ट्रायपॉड न हलवता कमी-जास्त एक्स्पोजरच्या, म्हणजे कमी-जास्त उजेड आत घेतलेल्या चार-पाच फ्रेम घ्यायच्या आणि नंतर हातानं जुळवायच्या. आपोआप जोडणारं एचडीआर मला आवडत नाही; सावल्याच मरतात, आणि सावलीशिवाय खोलीला खोली राहत नाही. वर फॉल्स सीलिंगमधले पिवळे एलईडी आणि खिडकीतला निळसर उजेड यांचं भांडण असतंच. दिवसभरात आठ-दहा फ्रेम पदरात पडल्या तरी मी खूश असतो.

जुन्या धाब्याच्या घरात तर थ्रीडीनं हात टेकावेत. जाड मातीच्या भिंती, सागवानी खांब, झरोक्यातून येणारा एवढासा उजेड, सारवणावरचे हाताचे फटकारे. ते मापात बसवण्यापेक्षा कॅमेरा ठेवून काही सेकंदांचं एक्स्पोजर दिलेलं बरं.

असा अंधाराशी झगडलेला माणूस भुसावळच्या मातीतच आहे. रॉबर्ट गिल हा इंग्रज लष्करी अधिकारी १८४४ पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करत होता. लंडनला पाठवलेल्या त्या नकलांपैकी बहुतेक १८६६ च्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. त्या आगीआधीच त्यानं कॅमेरा हाती घेतला होता आणि लेण्यांचे त्याचे ७४ फोटो १८६४ साली पुस्तकरूपानं निघाले होते. नकलेत त्याला जे नोंदवावंसं वाटलं ते होतं, रंगासकट. फोटोत रंग नव्हता. पण लेणं त्या काळी जसं होतं तसं, पडझडीसकट आलं. १८७९ मध्ये तो वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

थ्रीडी वाईट नाही. घर उभं राहण्याआधी सुताराला, घरमालकाला आणि सासूबाईंना एकाच गोष्टीवर आणायला तेच लागतं. माझी तक्रार त्याखाली "थ्रीडी" असं न लिहिण्याबद्दल आहे. डिझायनर निवडताना त्याच घराचं थ्रीडी आणि त्याच कोनातून काढलेला फोटो, दोन्ही मागून घ्या; लाकूड, उजेड आणि मापं कितपत जुळली ते तिथेच कळतं. आणि फोटोवाल्याला वास्तुशांतीच्या दिवशी बोलावू नका. महिनाभर राहून घ्या, वस्तू आपापल्या जागी बसू द्या. दिवाळीनंतर बोलवा, सकाळी नऊच्या आधी, आणि त्या दिवशी पाहुणे ठेवू नका.