खाज न आणणारा संसर्ग

अंगावरून पांढरं जाणं, खाज, ओटीपोटात दुखणं. आपल्याकडे बायका हे सगळं वर्षानुवर्षं अंगावर काढतात. एचआयव्हीसह जगणाऱ्या बाईला मात्र ते परवडत नाही, कारण तिच्या शरीरात हेच साधे संसर्ग पुन्हा पुन्हा उलटतात आणि लवकर हटत नाहीत.

निरोगी योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस नावाचे जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्या आंबटपणात घातक जंतू फारसे टिकत नाहीत. हे जिवाणू कमी झाले की इतर जिवाणू माजतात आणि स्रावाला माशासारखा वास येऊ लागतो. सीडी४ या प्रतिकारशक्तीच्या पेशी घटल्या की कँडिडा ही बुरशीही डोकं वर काढते. दह्याच्या कवडीसारखा पांढरा स्राव आणि असह्य खाज ही तिची खूण. ट्रायकोमोनास या परजीवीवर एचआयव्ही असलेल्या बाईला मेट्रोनिडॅझोलचा एकच मोठा डोस पुरेसा ठरत नाही, सात दिवसांचा कोर्स लागतो. जोडीदारानेही औषध घेतलं नाही, तर संसर्ग परत येतो.

हे सगळे संसर्ग निदान त्रास तरी देतात, त्यामुळे बाई कधी ना कधी दवाखान्यात पोचते. मला काळजी वाटते ती शरीरसंबंधातून पसरणाऱ्या एचपीव्ही या विषाणूची. त्याच्या घातक प्रकारांनी ना खाज येते, ना दुखतं. बहुतेक स्त्रियांचं शरीर एक-दोन वर्षांत त्याला हटवतं. प्रतिकारशक्ती खचलेली असेल तर तो गर्भाशयमुखाच्या पेशींत ठाण मांडून बसतो. एरवी त्यातून कॅन्सर व्हायला १५ ते २० वर्षं लागतात; एचआयव्हीवर उपचार नसतील तर हाच काळ ५ ते १० वर्षांवर येऊ शकतो. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोका इतरांच्या सुमारे सहापट असतो. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या गोळ्या नियमित घेतल्याने तो कमी होतो, पण पुरता संपत नाही.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना सांगते, की एचआयव्ही असलेल्या स्त्रीची तपासणी तिशीची वाट न पाहता २५व्या वर्षी सुरू करावी आणि एचपीव्ही चाचणी दर ३ ते ५ वर्षांनी करावी. ही चाचणी नसेल तिथे गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक आम्ल लावतात. बिघडलेल्या पेशी मिनिटभरात पांढऱ्या दिसू लागतात. डाग लहान असेल तर अनेकदा त्याच दिवशी उष्णतेने जाळून टाकता येतो. तपासणीने काय साधतं याचा मोठा पुरावा आपल्याच मराठवाड्यातला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात १९९९ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. ज्या गटाला आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी देऊ केली, त्या गटात पुढच्या आठ वर्षांत या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्याने कमी झाले.

एआरटी केंद्रात वजन घेतात, खोकला आहे का विचारतात. गर्भाशयमुखाची तपासणी कधी झाली, हेही प्रत्येकीला विचारलं जावं, असं मला मनापासून वाटतं. कुणी विचारलं नाही तर बाईने स्वतः विषय काढावा. एचआयव्ही आहे म्हणून तपासायला नकार देणं २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने बेकायदेशीर आहे.

नवरा वारलेल्या अनेकींना वाटतं, की आता संबंधच नाही तर ही तपासणी कशाला? पण एचपीव्ही शिरला असेल तो कित्येक वर्षांपूर्वी, संसार चालू असताना. कॅन्सर होतो तो त्यानंतर, ती एकटी मुलं वाढवत असण्याच्या वयात.