प्लग वायर बदलायच्या आधी एकदा हे वाचा

पावसाळा लागला की आमच्याकडे हीच तक्रार सगळ्यात जास्त येते. सकाळी गाडी स्टार्ट व्हायला त्रास देते, झाली तरी झटके मारते, आणि इंजिन तापलं की आपोआप सुरळीत चालते. जुनी मारुती 800, ओम्नी, झेन, जिप्सी, पद्मिनी, म्हणजे डिस्ट्रिब्युटरवाली (प्रत्येक प्लगला आळीपाळीने करंट वाटणारा भाग असलेली) कुठलीही गाडी असेल तर कार्ब्युरेटर उघडायच्या आधी प्लग वायर, म्हणजे स्पार्क प्लगपर्यंत ठिणगीचा करंट नेणारी वायर, बघा. कॉइलमधून (बॅटरीचं व्होल्टेज वाढवणारा भाग) 20 हजार व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून जास्त करंट या वायरीतून जातो, इन्सुलेशनला बारीक चीर असली आणि त्यात ओल बसली की तो प्लगपर्यंत न जाता वाटेतच इंजिनच्या बॉडीला उडी मारतो.

हे घरी बघता येतं. रात्री अंधारात बॉनेट उघडा, गाडी चालू ठेवा आणि वायरींवर स्प्रेने अगदी हलकं पाणी मारा. निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या तर वायर गेली. हात मात्र लावू नका, झटका जबरदस्त बसतो, आणि फॅन बेल्टपासूनही लांब राहा.

सीएनजीवाल्यांनी हे नीट वाचा. गॅसवर ठिणगी पडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे कमजोर वायर पेट्रोलवर चालून जाते आणि गॅसवर टाकली की मिसिंग (एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगीच न पडणं) सुरू. लोक किटवाल्याकडे ट्युनिंगला चकरा मारतात, रिड्युसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) बदलून घेतात, आणि दोष निघतो वायरीत नाहीतर प्लगमध्ये. जुन्या मिक्सरवाल्या (हवेच्या वाटेतच गॅस मिसळणाऱ्या) किटमध्ये मिसिंग अंगावर काढू नका, बॅकफायर होऊन, म्हणजे गॅस हवेच्या वाटेतच पेटून, एअर फिल्टरचा डबा फुटतो.

आता नवीन कुठली घ्यायची. कंपनीच्या बहुतेक वायरी कार्बन कोर (आत तारेऐवजी कार्बनचा गाभा) असतात, त्यांचा रेझिस्टन्स मीटरभर लांबीला साधारण 10 ते 20 हजार ओहम. मल्टिमीटर लावून सगळ्या वायरी मोजा, लांबीच्या मानाने एखादीच खूप जास्त दाखवत असेल किंवा हलवल्यावर आकडा उड्या मारत असेल तर आतला कोर तुटलाय. बाहेरून ती वायर अगदी नवी दिसते! असं होतं कारण प्लग काढताना वायर धरून ओढतात. वायरीच्या टोकाचं रबरी टोपण, म्हणजे बूट, धरा, थोडा फिरवा, मग ओढा. बुटाच्या आत डोकावून पण बघा, केसासारखी काळी रेघ दिसली तर तिथूनच करंट पळतोय, पुसून उपयोग नाही.

अपग्रेड करायचं तर सिलिकॉन इन्सुलेशनवाली, आत बारीक तार गुंडाळलेली वायर घ्या. उष्णता जास्त सोसते, रेझिस्टन्स कमी असतो आणि टिकते. पण लाल-निळी जाडजूड 10 एमएम वायर टाकून पिकअप वाढेल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, जुनी वायर चांगली असेल तर फरक काहीच पडत नाही, आम्ही ती विकत असलो तरी हेच सांगू. साधी तांब्याची वायर तर एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या) गाडीत नकोच, रेडिओत खरखर येते आणि ईसीएमलाही (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) त्रास होऊ शकतो.

बसवताना एक काढा, एक लावा, सगळ्या एकदम काढल्या की फायरिंग ऑर्डर (सिलिंडरमध्ये ठिणगी पडायचा क्रम) चुकते. चार सिलिंडरच्या पद्मिनीत ती 1-3-4-2 आहे. वायरी टाय मारून एकत्र बांधू नका, क्लिपमध्येच सुट्ट्या ठेवा, आणि एक्झॉस्टला टेकू देऊ नका. डिस्ट्रिब्युटर कॅप (वायरी जिथे लागतात ते झाकण) आणि रोटर (आत फिरणारा तुकडा) त्याच वेळी बघून घ्या, टर्मिनलवर पांढरट-हिरवी पावडर धरली असेल तर नव्या वायरीचे पैसे वाया. उंदरांनी कुरतडलेली वायर टेप मारून चालवू नका.

बहुतेक नव्या गाड्यांत प्लगवरच कॉइल बसलेली असते, त्यात या वायरी नसतातच, आणि डिझेलला स्पार्क प्लगच नाही, त्यामुळे त्यांना यातलं काही लागू नाही.

दुकानात येताना जुना सेट फेकू नका, सोबत आणा. लांबी आणि बूट जुळवता येतात, आणि रेझिस्टन्स आम्ही तुमच्यासमोरच मोजून देतो. चांगला निघाला तर तोच परत बसवा.