मोगली आमच्याकडे आला तो फिरून फिरून

आमच्या घरी कृष्णधवल टीव्ही होता, त्यामुळे मोगलीच्या चड्डीचा रंग कोणता यावर आम्हा भावंडांत बरेच दिवस वाद चालला. मी हिरवा म्हणायचो, कारण जंगल. धाकटी बहीण लाल म्हणायची आणि का ते सांगायची नाही. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'जंगल बुक' लागू लागलं, आणि शीर्षकगीताचे सूर कानावर पडले की आंघोळ अर्धी टाकून आम्ही टीव्हीपुढे. ही मालिका जपानी आहे असं तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर आम्ही त्याला वेड्यात काढलं असतं.

गोष्टीचं मूळ मात्र खरंच आपल्याकडचं. ती लिहिणाऱ्या रडयार्ड किपलिंगचा जन्म ३० डिसेंबर १८६५चा, मुंबईतला. वडील जॉन लॉकवुड किपलिंग जे. जे. कला महाविद्यालयात शिकवायचे. सहाव्या वर्षाच्या आतबाहेर पोराला इंग्लंडला धाडलं गेलं. पुढे तो लाहोरला वर्तमानपत्रात नोकरीला परत आला आणि १८८९मध्ये इथून निघाला. मोगलीच्या गोष्टी त्याने लिहिल्या त्या अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये, म्हणजे जिथे हिवाळाभर दारात बर्फ साचतं तिथे. पुस्तकाचे दोन भाग १८९४ आणि १८९५ला निघाले. त्यातलं जंगल सिवनीचं आणि नदी वैनगंगा, जी सिवनी जिल्ह्यातच उगम पावते आणि पुढे आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडे उतरते. भंडाऱ्याच्या पोराने टीव्ही बघताना नकाशा उघडला असता, तर मोगलीची नदी गावाशेजारूनच वाहताना दिसली असती.

किपलिंगने प्राण्यांची नावं बरीचशी हिंदुस्तानीतून उचलली होती. भालूचा बालू झाला, हत्तीचं नावच 'हाथी', घारीचं 'चिल', माकडांची टोळी 'बंदर-लोग'. शेरखान पुस्तकात जन्माचा लंगडा आहे आणि त्याची आईच त्याला 'लंगडी' म्हणते. इंग्रज वाचकाला हे सगळं समजावून सांगावं लागायचं. मालिका हिंदीत आली तेव्हा समजावण्यासारखं काही उरलंच नाही. भालूला भालू म्हणायला कुणाची टीप लागते? एक नाव तेवढं कुठल्याच भाषेतलं नाही, ते म्हणजे मोगली. गोष्टीत त्याचा अर्थ बेडूक असा दिलाय, पण तो शब्द किपलिंगने मनानेच रचला होता. शिवाय त्याचा उच्चार तो 'माउग्ली'च्या जवळपास करायचा. आता त्याला कोण विचारतो! आमच्याकडे तो मोगलीच.

पुस्तकाच्या दोन भागांत मिळून मोगलीच्या गोष्टी फक्त आठ आहेत. जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनने त्यातून ५२ भागांची मालिका उभी केली. फुमिओ कुरोकावा यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका टीव्ही टोकियोवर १९८९च्या ऑक्टोबरपासून वर्षभर चालली. पाश्चात्त्य बालसाहित्य उचलून त्याच्या लांबलचक मालिका काढायच्या, यात या कंपनीचा हात बसलेला होता. आता आठाचे बावन्न करायचे तर भर घालावीच लागणार. मोगलीच्या हातात बूमरँग आलं. किची नावाचा लाल पांडा आला. लाल पांडा राहतो हिमालयात, वैनगंगेच्या खोऱ्यात त्याचं काय काम, हे विचारायची अक्कल आम्हाला नव्हती. पुस्तकात शेरखान तिसऱ्याच गोष्टीत म्हशींच्या टापांखाली मरतो. मालिकेत तो कितीतरी आठवडे पुरला. बरंच झालं, कारण तो नाना पाटेकरांच्या आवाजात बोलायचा.

हा आवाज हीच खरी मेख आहे असं मला वाटतं. चित्रं जपान्यांची होती, पण मालिका आपली झाली ती कानांमुळे. 'परिंदा' आणि 'प्रहार' येऊन गेले होते, नानांच्या बोलण्यातली ती चावून फेकल्यासारखी लकब मोठ्यांना ओळखीची झाली होती. आम्हाला नाव माहीत नव्हतं, पण वाघ बोलला तर असाच बोलेल याबद्दल शंका नव्हती. आणि गाणं! जपानी मालिकेचं मूळ गीत वेगळंच होतं. हिंदीसाठी 'जंगल जंगल बात चली है' नव्याने लिहिलं गुलजारांनी आणि चाल दिली विशाल भारद्वाजांनी. दोघांचा 'माचिस' अजून तीन वर्षं लांब होता. त्या गाण्यात 'चड्डी' हा शब्द आहे, आणि एवढ्या मोठ्या कवीने तो राष्ट्रीय वाहिनीवर बिनदिक्कत आणला याचं अप्रूप मला आजही वाटतं. मराठी पोरांना तर हा शब्द घरचाच. आईच्या तोंडून दिवसातून चारदा ऐकलेला.

आपल्याकडे स्वतःची ॲनिमेशनपटं नव्हती असं नाही. विजया मुळे यांची 'एक अनेक और एकता' ही १९७४ची फिल्म्स डिव्हिजनची चित्रफीत, ती चिमणीची आणि जाळ्याची गोष्ट, आम्हाला तोंडपाठ होती. पण ती काही मिनिटांची. आठवडाभर वाट बघायला लावेल असं काही हवं तर ते बाहेरूनच यायचं. झी टीव्ही १९९२च्या ऑक्टोबरात सुरू झाला होता, पण केबलची वायर सगळ्यांच्या घरात पोचायला वेळ होता. तोवर रविवार सकाळ दूरदर्शनचीच. भाग चुकला तर चुकला; सोमवारी शाळेत कुणीतरी हातवारे करत सांगेल तेवढाच आपला.

२०१६मध्ये हॉलिवुडचा नवा 'जंगल बुक' हिंदीत आला तेव्हा शेरखानसाठी पुन्हा नानांनाच बोलावलं, गाणंही पुन्हा वाजवलं. मग एप्रिल २०२०मध्ये, सगळे घरात अडकलेले असताना, दूरदर्शनने जुनी मालिकाच परत दाखवली. बहिणीचा फोन आला, "दादा, लाव लवकर, आता रंग बघूनच घेऊ." लावली. गाणं सुरू झालं, मी पलीकडून तिचं गुणगुणणं ऐकत बसलो, आणि चड्डीकडे बघायचं राहूनच गेलं.